कराडला जाणारं मांजर

सारसोळे, नेरूळ
रविवार, १२ जानेवारी २०२५

ताई,

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. पोस्टमनने ते आईच्या हातात दिलं आणि ती नुकतीच मासळी विकून बाजारातून आलेली, त्यामुळे पाकिटाला मांदेलीचा वास आहे आणि मागच्या बाजूचा तुझा पत्ता थोडा पुसला आहे. आतलं सगळं नीट वाचता आलं. बाबा तेव्हा जेट्टीवर होते. पत्र आल्याचं मी त्यांना सांगितलेलं नाही, पण लपवलेलंही नाही. ते माझ्या टेबलावर आहे. ज्याला बघायचं त्याला दिसेल.

फोनवर आपलं बोलणं 'जेवलीस का'च्या पुढे जात नाही म्हणून कागदावर लिहिते, असं तू म्हणतेस. खरं आहे. फोनवर मी सगळं बरं चाललंय असं सांगते, कारण बाबा पडवीत जाळं सांधत बसलेले असतात आणि तुझं नाव निघालं की त्यांचा हात थांबतो. तो हात थांबलेला मला बघवत नाही. लिहिताना मला खोटं बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण परत वाचून पाहिलं की दिसतं.

आता तुझं म्हणणं मला नीट समजलं आहे का, ते आधी लिहिते. चुकलं असेल तर दुरुस्त कर. एप्रिलअखेर नंदिनीची तिसरीची परीक्षा संपली की तू तिला कायमची कराडला न्यायला येणार. तुझ्या या दुसऱ्या लग्नाला दोन वर्षं झाली, लेकीने आता तुझ्याजवळ राहावं असं तुझं म्हणणं. तिने वर्षभरात तुझ्याजवळ एकच गोष्ट मागितली, मांजर. ते तुझे यजमान शहाजीराव घेऊन देणार. त्यांनी इंटरनेटवर वाचून दोन जाती काढल्या आहेत, सयामी आणि रॅगडॉल, दोन्ही माणसांना लळा लावणाऱ्या. तिकडे मिळत नाहीत, इकडे मिळतात. त्यातली कोणती घ्यायची ते मी सांगायचं, कारण 'नंदिनीला तूच ओळखतेस'.

हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. त्यात टोमणा आहे की नाही ते कळलं नाही. नसेल असं धरून चालते.

आईला सांगितलं तेव्हा ती कोयता धूत होती. म्हणाली, "मांजर इकत? गो बाय, बाजारान माझ्या पाटीभोवती सा मांजरा बसतान. त्यानला कोन इकत घेत नाय म्हनून ती मांजरा नाय का?" मग थोड्या वेळाने म्हणाली, सुचिताने सांगितलंय तर बघ जाऊन. बाबांनी ऐकलं असावं.

बाबांचं तुला माहीत आहेच. 'तू लग्न कर, पण पोर इथंच राहील', हे त्यांचं वाक्य जसं होतं तसंच आहे. एप्रिलचं त्यांच्या कानावर कसं घालायचं ते मला माहीत नाही.

मांजरांसाठी मी कागदाच्या मधोमध रेघ मारून दोन बाजू केल्या आहेत. कावीळ झाली म्हणून मी वर्षभर उशिरा शाळेत गेले, ते वर्ष तू मला घरी शिकवलंस, तेव्हा ही रेघ मारायलाही तूच शिकवलंस. ठरत नसेल तर दोन्हीकडे लिही, मग बघ कुठली बाजू जड होते. अजून लॅबमध्ये मी तेच करते. तिथे माझं काम रिपोर्टवरचं नाव आणि नळीवरचं नाव एकच आहे ना ते बघायचं, आणि मी प्रत्येक नाव दोनदा बघते. सगळे हसतात. हसू देत.

मला थोडा वेळ दे. चुकीचं मांजर गेलं तर ते परत करता येणार नाही.

भावना


सारसोळे
रविवार, २६ जानेवारी

ताई,

आज सीवूड्सला जाऊन आलो. मी, नंदिनी आणि आई. आईला न्यायचं ठरलं नव्हतं, पण तिला सुट्टीच्या दिवशी बाजारातून लवकर सुटता आलं आणि ती पाटी शेजारणीकडे ठेवून थेट आमच्याबरोबर रिक्षात बसली.

नंदकिशोर म्हणून एक गृहस्थ आहेत, बँकेत नोकरी करतात आणि घरी जातिवंत मांजरं पाळून पिल्लं विकतात, तिसऱ्या मजल्यावर राहतात. दोन खोल्या माणसांच्या, दोन मांजरांच्या. मांजरांच्या खोल्यांना एसी आहे, माणसांच्या खोल्यांना नाही. आम्हाला आधी साबणाने हात धुवायला लावले. मग म्हणाले, ही मांजरं नव्या माणसाकडे लगेच येत नाहीत, दोन-तीनदा यावं लागतं, वाईट वाटून घेऊ नका. त्यांचं बोलणं संपायच्या आत पाच मांजरं आईच्या मांडीवर होती. एक तर तिच्या पदराचं टोक तोंडात धरून बसली. नंदकिशोर बघतच राहिले. आई म्हणाली, "साबन हातानला लावलाव ओ, लुगड्याला नाय."

आता तू विचारलेलं. सयामीचं अंग साईच्या रंगाचं आणि तोंड, कान, पाय काळपट, कढईत तोंड घालून आल्यासारखं. डोळे निळे. केस आखूड, त्यामुळे उकाड्याचा त्रास कमी. पण बोलते फार. भूक लागली की बोलते, पोट भरलं की बोलते, आपण दुसऱ्या खोलीत गेलो की कुठे गेलात म्हणून बोलते. एका माणसाला धरून राहते.

रॅगडॉल मोठी, अंगावर भरपूर केस, रोज विंचरावं लागतं. डोळे हिचेही निळे. उचलली की अंग सोडून देते, खांद्यावर टाकलेल्या ओल्या टॉवेलसारखी. कुणीही उचलो, तिची हरकत नसते. नंदकिशोर म्हणाले, घरात लहान मूल असेल तर लोक हीच नेतात. मला मात्र ते बघून बरं वाटलं नाही. जी कुणाच्याही खांद्यावर पडून राहते ती आपली आहे हे कसं कळायचं?

आई म्हणाली, विचारू नकोस पोरीला कुठली पाहिजे म्हणून. गिऱ्हाईक दोन पापलेटांत अडलं की मी कधी सांगत नाही कुठलं चांगलं. दोन्ही हातात देते आणि गप्प बसते. ज्याला परत हात लावेल ते त्याचं. तसंच कर.

तसंच केलं. नंदिनीने दोन्ही पिल्लं घेतली, दोन्ही खाली ठेवली. तिचं काही ठरलं नाही. आम्ही परत आलो.

तिने तुला नमस्कार सांगितला आहे.

भावना


सारसोळे
रविवार, ९ फेब्रुवारी

ताई,

'एका मांजराला महिना लागतो का', असं तू लिहिलंस. वाचून वाईट वाटलं, पण रास्त आहे. म्हणून आता स्पष्ट लिहिते. माझ्या मते सयामी घ्यावी.

कारणं अशी. कराडचा उन्हाळा आपल्यापेक्षा कडक, तिथे आखूड केस बरे. विंचरण्याचं काम नाही, तू दवाखान्यात ड्यूटीवर असताना नंदिनीला ते जमणार नाही. आणि नंदिनी गप्प मुलगी आहे, घरात कुणीतरी बोलणारं हवं.

आणखी एक. ती एप्रिलमध्ये घेण्यापेक्षा आत्ताच इथे आणावी. पिल्लू नव्या घरात रुळायला वेळ लागतो. नंदिनीचीही सवय होईल. इथे घरात मोठी माणसं आहेत, आई सकाळी बाजारात असली तरी बाबा असतात.

मी एक पुस्तक वाचलं. त्यात दिलंय की सयामीला एका घराची आणि एका माणसाची सवय लागली की तिला शक्यतो हलवू नये, ती खाणं सोडते. हे तुला माहिती असावी म्हणून लिहिते. त्याचा एप्रिलशी संबंध जोडू नकोस.

नंदिनीला सर्दी होती, आता बरी आहे. गणितात वीसपैकी अठरा. तुझी तिच्यासाठीची चिठ्ठी मी तिला दिली. तिने वाचून दप्तरात ठेवली.

भावना

ता. क. शहाजीरावांना सांग की त्यांनी पाठवलेला दोन जातींचा चार्ट फार व्यवस्थित आहे. रेघ सरळ आहे.


नेरूळ, सेक्टर सहा
रविवार, २३ फेब्रुवारी, सकाळ

ताई,

प्राण्यांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसून लिहिते आहे. अक्षर वाईट आलं तर समजून घे. कुणी मेलेलं नाही, हे आधी लिहिते.

पिल्लू देण्याआधी नंदकिशोरांनी वर्षभराची एक सयामी आठ दिवस आमच्याकडे ठेवायला दिली, जमतंय का बघा म्हणून. सोबत तिचं खाणं, तिचं भांडं, तिची टोपली. आणि चारदा बजावलं, पाकिटातल्या खाण्याशिवाय काही द्यायचं नाही.

नंदिनीने तिला नाव दिलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, आठ दिवसांसाठी नाव कशाला. नाव बाबांनी दिलं, पावनी. आपल्या घरी आलेली पाहुणी म्हणून. पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, ही काय मांजर आहे, हिला उंदीर दाखवला तर ही त्याच्याशी गप्पा मारेल. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या जाळ्यावर जाऊन बसली. त्यांनी हाकललं नाही. तिसऱ्या दिवशी मी लॅबमधून आले तर पडवीतून बोलण्याचा आवाज येत होता. ती काहीतरी विचारायची आणि बाबा उत्तर द्यायचे. "नाय, आज पानी उतरलाय, उद्या जाईन." ती पुन्हा काहीतरी म्हणाली. "जाईन म्हनला ना."

दोन वर्षांत बाबांना कुणाशी एवढं बोलताना मी ऐकलं नाही.

काल संध्याकाळपासून तिने खाणं टाकलं आणि सारखी ओकायला लागली. आज सकाळी उठून उभी राहीना. नंदिनी कोपऱ्यात जाऊन बसली. मी पाकीट तपासलं, तारीख दोनदा बघितली, पाणी बदललं. मग बाबांनी स्वतःच सांगितलं की चार दिवस ते तिला पहाटे मूठभर जवळा देत होते. सुका, खारवलेला, आपला नेहमीचा. आपल्या दारातल्या प्रत्येक मांजराने तो खाल्ला आहे. इतक्या लांबून आलेल्या पाहुणीला पाकिटातले खडे वाढायचे, हे त्यांना पटेना.

तिला आत सलाईन देत आहेत. बाबा आत आहेत, त्यांनीच तिला पंच्यात गुंडाळून आणली. मला त्यांनी बाहेर बसवलं.

डॉक्टर आले. ठीक आहे म्हणतात. आता थांबते.

भावना


सारसोळे
रविवार, २ मार्च

ताई,

पावनी बरी झाली आणि काल परत गेली. नंदकिशोर रागावले नाहीत, पण आता आमच्याकडे पिल्लू देताना ते विचार करतील असं त्यांच्या तोंडावरून दिसलं.

हे पत्र मला तीन वेळा फाडून लिहावं लागलं. यात मांजरांबद्दल कमी आहे.

डॉक्टरांनी विचारलं, हिला काय दिलं, कुणी दिलं. मी बोलणार होते, पण बाबा म्हणाले, "जवला. मी दिला. तिनं मांगला नव्हता." डॉक्टरांनी फक्त लिहून घेतलं. मग आम्ही दोघं तिच्याजवळ बसलो. तिच्या पायाला पट्टी होती आणि ती बोलत नव्हती. बाबांनी तिच्या अंगावरचा पंचा सारखा केला. मग मला म्हणाले, "सुचिता न्यायला येनार हाय ना पोरीला?" तुझं पत्र त्यांनी कधी वाचलं मला माहीत नाही. मी हो म्हटलं. ते म्हणाले, "तुमी दोघी लिवताव. मी बोलत नाय. पन पोरीला कोनी इचारलाय का?"

दोन वर्षांत त्यांनी तुझं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ते तुला कळावं म्हणून आधी लिहिलं.

आता माझं. सयामी घ्या असं मी का म्हटलं, ते उन्हामुळे नाही. ती इथल्या घराला चिकटेल, मग तिला हलवायचं नाही म्हणून नंदिनीलाही हलवायचं नाही, असं मी स्वतःशी ठरवलं होतं. इतकं स्पष्ट ठरवलं नव्हतं, पण पुस्तकातली ती ओळ मी पेन्सिलने अधोरेखित केली आहे. जो माणूस फक्त वाचतो तो अधोरेखित करत नाही. माझ्या कागदावरची सयामीची बाजू जड होती कारण मी तिकडेच लिहीत होते.

दुसरं. लग्न होऊन तू निघालीस आणि बाबांनी नंदिनीला ठेवून घेतलं, त्या दिवशी दारात उभी राहून मला म्हणालीस, "भावना, तू तरी बोल." नंदिनी माझा हात धरून उभी होती. मी दूध उतू जातंय म्हणून आत गेले. ताई, गॅसवर दूध नव्हतं. मी स्वयंपाकघरात रिकाम्या ओट्यासमोर उभी राहिले, रिक्षाचा आवाज जाईपर्यंत. त्यानंतर मी नंदिनीला इतकं नीट सांभाळलं की मी तेव्हा का बोलले नाही हे कुणाला विचारायची वेळच येऊ नये.

तिसरं सीवूड्सचं. नंदिनीचं काही ठरलं नाही असं मी लिहिलं. ते पूर्ण खरं नव्हतं. दोन्ही पिल्लं खाली ठेवल्यावर ती आतल्या खोलीच्या दाराशी गेली. तिथे एक मोठी रॅगडॉल एकटीच पडली होती, त्या पिल्लांची आई नव्हे, दुसरी, जिची पिल्लं जानेवारीत लोकांनी नेली. नंदिनी तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि निघेपर्यंत उठली नाही. तिने नंदकिशोरांना विचारलं, हिची पिल्लं कुठे गेली. ते म्हणाले, एक ठाण्याला, दोन पनवेलला. तिने विचारलं, हिला आठवतात का. ते सरळ माणूस आहेत, लहान मुलीला बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगितलं नाही. म्हणाले, दोन-तीन दिवस सगळ्या खोल्यांतून शोधते, मग थांबते.

"पण शोधते ना," नंदिनी म्हणाली.

आईने माझ्याकडे बघितलं. गिऱ्हाईकाने कशाला परत हात लावला ते तिला दिसलं होतं, मलाही दिसलं होतं. घरी येऊन मी तुला पत्र लिहायला बसले आणि ते वाक्य लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर तू दुसऱ्याच दिवशी बस पकडली असतीस.

दवाखान्यातून आल्यावर मी नंदिनीला विचारलं. समोर बसवून नाही. आम्ही कोलंबी सोलत होतो, तेव्हा तिचे हात गुंतलेले असतात आणि ती बोलते. मी म्हटलं, तुला कराडला राहायला जायचं आहे का. तिने दोन कोलंब्या सोलल्या. मग म्हणाली, "जायचंय. पण मावशी, तुला सांगितलं नव्हतं. तू लगेच स्वयंपाकघरात जातेस."

तेव्हा ती सहा वर्षांची होती. मला वाटलं होतं तिला आठवत नसेल.

आम्ही स्वयंपाकघरातच बसलो होतो, त्यामुळे मला कुठे जाता आलं नाही. मी म्हटलं, नाही जात. आणि रडले, तिच्यासमोर, कोलंबीच्या हातांनी डोळे पुसता येत नाहीत म्हणून तसंच. तिने उरलेली कोलंबी माझ्या ताटलीतून आपल्याकडे ओढून घेतली.

तुला राग येईल. यावा. पण उत्तर दे.

भावना


सारसोळे
रविवार, १३ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मी लॅबच्या जिन्यात वाचलं. तू रागावली आहेस, तरी शेवटी 'कोलंबी सोलताना तिला विचारलंस ते बरं केलंस' असं लिहिलंस. ते वाक्य मी दोनदाच वाचलं. टोमणा शोधला नाही.

आता मांजराचं नक्की झालं. रॅगडॉल. पण पिल्लू नाही. नंदिनीला तीच हवी आहे, आतल्या खोलीतली. ती मांजरी सहा वर्षांची आहे. नंदकिशोर तिची आता पिल्लं घेणार नाहीत, तिचं ऑपरेशन झालं आहे आणि ते तिच्यासाठी घर बघतच होते. शहाजी भाऊजींच्या चार्टमध्ये म्हातारी मांजरी नव्हती, पण ते हो म्हणाले हे वाचून मला फार बरं वाटलं. तुम्ही तिला दहा-बारा वर्षांची सोबत धरू नका. सहा-सात चांगली जातील असं नंदकिशोर म्हणाले. नंदिनीला मी हे सांगितलं आहे. तिने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, तोवर मी नववीत असेन.

सवयीने मी पुन्हा कागदावर रेघ मारली होती. एका बाजूला लिहिलं, 'ती तिच्याजवळ बसली'. दुसरी बाजू कोरी राहिली. कागद ठेवून दिला.

मांजरीला उन्हाचा त्रास होईल. दुपारी फरशी ओली करून ठेव, पंखा सुरू राहू दे, केस रोज विंचरा. तिला जवळा देऊ नका. हे बाबांनी लिहायला सांगितलं आहे.

परीक्षा पंचवीसला संपते. तू न्यायला येऊ नकोस. आम्ही सत्तावीसला, रविवारी, शेजारच्या प्रितमदादाच्या गाडीने येतो. नंदिनी, मी, आई आणि बाबा. बाबा म्हणतात की मांजरी एवढ्या लांब गाडीत बसेल की नाही, तिला धरायला कुणीतरी पाहिजे. रॅगडॉलला धरावं लागत नाही हे त्यांना माहीत आहे, मागच्या रविवारी सीवूड्सला येऊन त्यांनी स्वतः तिला खांद्यावर घेतलं होतं. तू दारात त्यांना काही विचारू नकोस. पाणी दे आणि मांजरीला कुठे ठेवायची तेवढं विचार. बाकीचं ते बोलतील किंवा नाही बोलणार. शहाजी भाऊजींनी पाया पडायची घाई करू नये, आधी बाबांना बसू दे. आईने दोन दिवस आधीपासून सुकट भाजून ठेवायचं ठरवलं आहे, तुझ्या घरात चार दिवस वास राहील.

नंदिनीबद्दल काही गोष्टी. मी यादी करणार होते, पण यादी केली की ती मीच तिला पाठवते आहे असं होतं, म्हणून आठवेल तसं लिहिते. ती वरणावर लिंबू पिळत नाही, भातावर पिळते. केस विंचरताना गप्प राहिली तर दुखतंय असं समजायचं. नवीन शाळेत पहिले चार दिवस ती डबा परत आणेल, ओरडू नकोस. अंघोळीला दार लावून तीन-चार वेळा आतून हाक मारेल, काही हवं असतं असं नाही, कुणी आहे ना एवढंच बघते. हाकेला ओ दे.

ती इथे येईल दिवाळीला, असं तू लिहिलंस. ते मी धरून चालणार नाही, म्हणजे आलीच तर आनंद होईल. ताई, मला ती जायला नको आहे. हे तुला अडवायला लिहीत नाही. दोन वर्षं मी हे कुठेच बोलले नाही आणि त्यामुळे काय काय झालं ते बघ. म्हणून लिहिलं. आता वाचून ठेवून दे.

एक शेवटचं. गाडीतून उतरल्यावर ती तुझ्याकडे धावत येईल असं मनात धरू नकोस. या दोन वर्षांत तिने तुला फोनवर फक्त 'हॅलो' म्हटलं आहे, घरात तुझ्याबद्दल बोलताना 'कराडला' एवढंच म्हणते, 'कराडला फोन लावू का', 'कराडला सांग'. काल दुपारी आम्ही सीवूड्सला मांजरीला भेटायला गेलो होतो. मी नंदकिशोरांकडून औषधाचं विचारून घेत होते आणि नंदिनी आतल्या खोलीत तिच्याजवळ होती. दार अर्धं उघडं होतं. ती मांजरीकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "आई." मग घसा साफ केला आणि थोडं मोठ्याने म्हणाली. मग एकदा, तू दारात उभी असशील तेवढ्या अंतरावरून हाक मारावी तशी. मांजरीने फक्त एक कान हलवला.

मी काही ऐकलं नाही असं दाखवलं. ती म्हणेल तेव्हा तूही असंच दाखव की ती रोजच म्हणते.

भावना